रिठ्याने न्हालेला जेंबे

मी एकदा एका ढोलाला आंघोळ घातली होती. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे ऑस्ट्रेलिया आहे.

तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. त्यानंतर दरवर्षी थोडं थोडं कमी कळत गेलं. आमचे हे पंप बसवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. पश्चिम आफ्रिकेत, माली नावाच्या देशात दोन वर्षं काढून परत आले. इतरांचे नवरे परदेशातून अत्तर आणत, टेपरेकॉर्डर आणत. ह्यांनी आणला एक ढोल. माझ्या मांडीपर्यंत येईल एवढा उंच, वर परातीसारखा पसरट, मध्ये कंबर आवळलेली आणि खाली आरपार पोकळ. सगळा एका लाकडात कोरलेला. तोंडावर बकरीचं कातडं ताणून बसवलेलं, आणि कडेला त्या बकरीचे चार केस अजून शिल्लक. ह्याचं नाव जेंबे, असं ह्यांनी सांगितलं. "जपून ठेव हं," एवढं म्हणून दुसऱ्या दिवशी आठ दिवसांसाठी साइटवर निघून गेले.

ढोलाला बकरीचा वास येत होता. शुक्रवारी घरी सत्यनारायण, सासूबाईंच्या साताठ मैत्रिणी येणार, आणि दिवाणखान्यात हे जनावर! वास्तविक त्याच खोलीत सासऱ्यांचा तबला होता. त्याचं कातडं काय अळूच्या पानाचं होतं? पण ते माझ्या सोवळ्या डोक्यात शिरलं नाही. बरं, मी बाई शाळेत भूगोल शिकवणारी. माली, राजधानी बमाको, नायजर नदीचं वळण, सगळं फळ्यावर खडूने न बघता काढायचे. नदीचं वळण पाठ, ढोलाची अक्कल शून्य. रिठ्याने माणसाचं डोकं स्वच्छ होतं तर बकरीचं का होऊ नये, असा शास्त्रशुद्ध विचार करून मी घमेलंभर रिठे उकळले, नारळाच्या शेंडीने ढोल घासला, वरून चार बादल्या पाणी ओतलं आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर वाळत टाकला. दुपारी दीडच्या सुमाराला "ठो!" असा आवाज झाला. शेजारणीला वाटलं आमचा कुकर उडाला. वर जाऊन बघते तर कातडं या काठापासून त्या काठापर्यंत फाटलेलं.

हे परत आल्यावर मी सांगितलं, "अहो, शेजारच्या बोक्याने नखं मारली."

ह्यांनी ऐकलं. ढोलावरून एकदा हात फिरवला आणि चहा मागितला. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या बोक्याला बशीत दूध घालायला लागले. ज्याने ढोल फाडला त्यालाच दूध! मी मनात म्हटलं, केवढा हा क्षमाशील पुरुष. आणि निर्लज्जपणे त्या उघड्या ढोलात छत्र्या ठेवायला सुरुवात केली. गेली एकोणचाळीस वर्षं आमच्या दारात त्या छत्र्या आहेत.

आता यात ऑस्ट्रेलिया कुठून आला, तर आमची नात रेवा तिथे जेंबे वाजवायला शिकते. माझी मुलगी मुग्धा वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात डॉक्टर, जावई निनाद पोलादाच्या कारखान्यात. रेवा चौदा वर्षांची. मागच्या वर्षी फोनवर म्हणाली, "आजी, माय टीचर कॅन पुट न्यू स्किन ऑन आबाज ड्रम, यू नो." मी रात्रभर जागी. ह्यांचे कान आता यंत्रावर चालतात, आणि यंत्रही कंटाळत चाललंय. म्हटलं, अजून ऐकू येतंय तोवर हा ढोल ह्यांना ऐकवायचा आणि त्याच बैठकीत खरं काय ते सांगून टाकायचं. नुसतं सांगायचं धैर्य नव्हतं हो. हातात काहीतरी घेऊन जावं, म्हणजे माणूस कमी रागावतो.

ह्यांना एवढंच सांगितलं की रेवाला दाखवायला नेते. हे गुडघ्यांमुळे विमानात बसत नाहीत. निघताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग छत्र्या कुठे ठेवू?"

सिडनीचा विमानतळ

ऑस्ट्रेलियात शिरताना आपण काय काय खाण्याचं, लाकडाचं, कातड्याचं आणलंय ते लिहून द्यावं लागतं. मुग्धाने शंभरदा बजावलं होतं, "आई, खोटं बोलू नकोस. इथे कुत्रे हुंगतात." त्यामुळे मी मेतकुटापासून बडीशेपेपर्यंत सगळं लिहिलं. तपासणीच्या टेबलावर एक धिप्पाड मुलगी होती, दंडावर निळी फुलं गोंदलेली. मेतकूट हुंगून तिने मान डोलावली. मग पोतं सोडून ढोल बाहेर काढला.

"हा ड्रम आहे?"

"होता," मी म्हटलं. "आता छत्र्यांचा स्टँड आहे."

"मग स्किन कुठे गेलं?"

समोर सरकार, खाली कुत्रे. मी सांगून टाकलं, "आय वॉश्ड इट. विथ सोप." रिठ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्या क्षणी आठवेना.

नवऱ्याला एकोणचाळीस वर्षांत जे सांगितलं नाही ते एका परक्या मुलीला एका मिनिटात सांगून मोकळी झाले. ती एवढी हसली की शेजारच्या टेबलावरचा साहेब बघायला लागला. "ओह डार्ल," ती म्हणाली, "आय पुट माय मम्स वूल कार्पेट इन द वॉशिंग मशीन वन्स." आम्ही दोघी क्षणभर बहिणी झालो. पण लगेच तिने टॉर्च पेटवला, ढोलात डोकं घातलं आणि तिचा चेहरा बदलला. बुडाशी तीन बारीक भोकं होती. लाकूडकिड्याची असू शकतात, ती म्हणाली. ढोल त्यांच्याकडे राहणार, त्याला औषधाची धुरी देणार. आणि आत किडा फारच पसरलेला निघाला तर?

"मग नष्ट करावा लागतो. सॉरी, डार्ल."

एकदा मी मारलाच होता, आता सरकार मारणार. मी रिकामं पोतं घडी करून बाहेर आले. मुग्धा म्हणाली, "आई, चेहरा असा का? लोणचं काढून घेतलं?"

वॉलॉंगॉंग, पहिला शनिवार

वॉलॉंगॉंग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला हिरवा उभा कडा आणि मधल्या पट्टीत माणसं. सह्याद्री पार किनाऱ्यापर्यंत सरकत आला तर कसं दिसेल, तसं. दक्षिणेला निनादच्या कारखान्याची धुराडी. सकाळी पांढरे, पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे आभाळ फाडत येतात. आपल्याकडे काकाकुवा पिंजऱ्यात बसून शहाण्यासारखं बोलतो. इथला मोकळा आहे आणि भांडणाशिवाय दुसरं काही बोलत नाही.

शनिवारी दुपारी, म्हणजे इथल्या भाषेत 'आर्वो'ला, रेवाबरोबर तिच्या क्लासला गेले. हॉलमध्ये दहा-बारा माणसं गोल बसलेली, प्रत्येकाच्या गुडघ्यांत जेंबे. शिकवणाऱ्याचं नाव फोदे. चाळिशीचा, उंच, गिनी देशातला. गिनी मालीला लागून आहे. दोघांमधली सीमा मी फळ्यावर शेकडो वेळा काढली होती. फोदे म्हणाला, "ती सीमा खडूनेच काढलेली आहे, ममा. ढोल दोन्हीकडे तोच." मला तो पहिल्या मिनिटापासून ममा म्हणायला लागला. तिकडे आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारत नाहीत म्हणे. मला बरं वाटलं. इथे निनादचे सहकारी मला "हाय, सुमन" म्हणतात आणि मी मागे वळून बघते की सुमन कोण.

फोदे एरवी बस चालवतो. त्याचं इंग्रजी फ्रेंचच्या अंगाने जाणारं, माझं शाळेतल्या फळ्याच्या. दोघांचं छान जमलं. मी विचारलं, हा ढोल मुळात निघाला कुठून?

"आमच्या गावात तीन म्हातारे आहेत," तो म्हणाला, "आणि ह्याच्या चार गोष्टी. एक म्हणतो, लोहारांनी केला. आमच्याकडे लोखंड आणि लाकूड दोन्हीवर हात लोहाराचा. झाड तोडण्याआधी तो झाडाची परवानगी मागतो. दुसरा म्हणतो, एक बाई धान्य कांडत होती. एवढ्या जोरात कांडलं की उखळाचं बूड निघालं. बूड निघालेल्या उखळाला कोणीतरी कातडं लावलं, झाला जेंबे."

"म्हणजे बाईच्या धसमुसळेपणातून झाला?"

"असं म्हातारे म्हणतात, ममा. बायका म्हणतात, बाईच्या ताकदीतून."

मी ही दुसरी आवृत्ती पदरात घेतली.

मग तो सांगत गेला. जेंबे कोणाच्या लग्नाला वाजतो, कोणाच्या बारशाला. शेतात माणसं रांगेने कुदळ मारतात तेव्हा बांधावर वाजतो, म्हणजे कुदळी एका तालात पडतात आणि पाठ कमी दुखते. मला आमच्या आजोळची भलरी आठवली. ज्वारी कापताना गडी-बाया गात, आणि गाणं थांबलं की विळाही मंद पडे. "आणि एक लक्षात ठेवा," फोदे सगळ्या क्लासला म्हणाला, "नाचणाऱ्याला जेंबे नाचवत नाही. नाचणाऱ्याच्या पायांकडे बघून जेंबे वाजतो. जो वाजवणारा बघत नाही, तो नुसता आवाज करतो."

त्यानंतर त्याने शेतातला तो ताल धरला. आणि मी खुर्चीत ताठ झाले.

हा ताल मला पाठ होता. गेली एकोणचाळीस वर्षं रोज सकाळी, चहा येईपर्यंत, आमच्या जेवणाच्या टेबलावर हे तो बोटांनी वाजवतात, आणि गेली एकोणचाळीस वर्षं मी स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, टेबल वाजवू नका, कप सांडेल!"

क्लास संपल्यावर मी फोदेला टेबलावर वाजवून दाखवलं. चुकतमाकत, पण दाखवलं. तो थांबून बघत राहिला. "तुमचे पती शेतात गेले होते," तो म्हणाला. "हे कोणी हॉटेलात शिकत नाही."

मग मी त्याला रिठ्यांची गोष्ट सांगितली. वाटलं, चिडेल. तो गुडघ्यावर हात मारून हसला. "ममा, कातडं चढवण्याआधी आम्ही ते रात्रभर पाण्यात भिजवतो. तुम्ही बरोबर काम केलं. फक्त ढोल तयार झाल्यावर केलं, आणि उन्हात टाकलंत. उन्हात कातडं ओरडतं."

रेवाने विचारलं, "आजी, यू ब्लेम्ड द कॅट? सीरियसली?"

"बोका होता," मी म्हटलं. जणू त्याने फरक पडतो.

दुसरा शनिवार

ढोल सुटला! आत जिवंत काही नव्हतं, भोकं जुनी होती, किडे केव्हाच वारले होते. बहुतेक रिठ्यानेच. निनाद सिडनीहून तो गाडीत पट्टा लावून घेऊन आला, लहान मुलाला बसवतात तसा.

फोदेने तो मांडीवर घेतला. आत हात घालून पटाशीच्या खुणा चाचपल्या, मग काठावरून अंगठा फिरवला.

"हा दुकानातला नाही," तो म्हणाला. "बघा, काठ इथे गुळगुळीत झालाय, आणि इथे. दोन हातांची जागा. वर्षानुवर्षं एकच माणूस बसला आहे ह्याच्यामागे. ममा, कोणीतरी तुमच्या पतींना स्वतःचा जेंबे दिला."

मी आजवर समजत होते की मी एक शोभेची वस्तू फोडली. मिस्कीलपणा बाजूला ठेवून सांगते, त्या हॉलमध्ये मी तो काठ पदराने पुसला.

घरी येऊन ह्यांना व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे ह्यांचं अर्धं कपाळ आणि पूर्ण पंखा दिसत होता.

"अहो, तो ढोल तुम्हाला दिला कोणी?"

"सेकूने. आमच्या पंपावरचा मेकॅनिक. गावात पहिलं पाणी आलं त्या दिवशी."

"त्याचा स्वतःचा?"

"हो. त्याच्या वडिलांनी कोरलेला."

"मग इतक्या वर्षांत बोलला नाहीत ते!"

"तू विचारलं नाहीस," हे म्हणाले. "छत्र्या मी बादलीत ठेवल्यात. चालेल ना?"

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण बत्तिसाव्या वर्षी मी जी पळवाट काढली, तीच एकाहत्तराव्या वर्षीही काढली. आधी ढोल वाजू दे, मग सांगू. कारण आता एक नवी भीती होती. ढोल काठापासून वीतभर तडकला होता. माझ्या एप्रिलच्या उन्हाचीच ती भेट. फोदेने फटीत डिंक आणि लाकडाचा भुसा भरला, पण स्पष्ट सांगितलं, "दोरी ओढताना ह्याच्यावर फार ताण येतो. धरला तर धरला. नाही तर उघडेल."

"आणि उघडला तर?"

"मग छत्र्यांचा स्टँडसुद्धा राहणार नाही, ममा."

रविवारी परत फोदेकडे गेलो तेव्हा इथल्याच एका शेतावरच्या बकरीचं कातडं रात्रभर भिजवून ठेवलेलं होतं. ओलं, जड, केसाळ. एका बाजूने मी धरलं, एका बाजूने रेवाने. "सो ग्रॉस," रेवा म्हणाली, पण हात सोडला नाही. लोखंडी कड्यांमध्ये कातडं अडकवून, दोरीने ढिलं बांधून फोदेने तो माझ्या स्वाधीन केला. "आठवडाभर वाळू द्या. कुठे?"

"सावलीत," मी म्हटलं. मार खाल्लेल्या विद्यार्थ्यासारखं.

बाल्कनीतला आठवडा

पर्यटक ऑस्ट्रेलियात जाऊन काय काय बघतात. मी एक आठवडा बाल्कनीत बसून ढोल बघितला.

वाऱ्यासाठी बाल्कनीच बरी होती, पण तिथे काकाकुवे. मुग्धाने सांगितलं, "आई, हे लोकांच्या बाल्कनीचं लाकूड कुरतडतात. गंमत म्हणून." पहिल्या सकाळी एक आला. कठड्यावर बसून त्याने तुरा उभारला, ढोलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोरीचं सुटं टोक चोचीत धरून ओढायला लागला. मी लाटणं घेऊन धावले. शेजारची ग्रीक आजी कपडे वाळत घालता घालता बघत राहिली. तिला काय वाटलं असेल, भारतीय बायका पहाटे पक्ष्यांना पोळ्या लाटून दाखवतात?

विचार करा. ह्या खेपेला खरोखरच एखाद्या प्राण्याने ढोल फाडला असता आणि मी ह्यांना सांगितलं असतं, "अहो, काकाकुव्याने चोच मारली," तर जगातल्या कुठल्या नवऱ्याने विश्वास ठेवला असता? देवाच्या घरी हिशेब उशिरा होतो, पण त्याला विनोदबुद्धी असते. ज्या बाईने ढोल उन्हात वाळत टाकला होता, ती सावली सरकेल तसा तो घेऊन दिवसभर सरकत होती.

बुधवारी फोदेची बायको आयसाता मला बघायला आली. येताना डबा. त्यात भातावर घालायचं दाण्याच्या कुटाचं घट्ट कालवण, माझ्यासाठी मांसाऐवजी रताळी घातलेली. मी एक घास खाल्ला आणि थक्क झाले. ही तर आमची उपासाची दाण्याची आमटी, फक्त मिरची जास्त आणि टोमॅटोची भर.

"आमच्याकडे हे उपासाला खातात," मी म्हटलं.

"उपासाला? हे खाऊन?" आयसाताने भुवया उंचावल्या. "मग उपास कशाचा?"

आषाढी, एकादशी, साबुदाणा हे सगळं समजावून सांगायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. सांगता सांगता मलाच पटेना झालं. जाताना तिला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. तेवढ्यात काकाकुवा आला, तर तिने नुसता टाळ्यांचा एक कडक तुकडा वाजवला आणि तो उडाला. लाटण्यापेक्षा बरं.

तिसरा शनिवार

कातडं वाळून ताठ झालं होतं, पण केसांसकट. फोदेने माझ्या हातात दाढीचं ब्लेड दिलं. "पहिला हात घरच्या माणसाचा."

ज्या बाईला बकरीचे चार केस सहन झाले नव्हते, तिने आख्खी बकरी भादरायची! निनाद फोन काढून चित्रीकरणाला सज्ज. मी म्हटलं, "जावईबापू, फोन ठेवा आणि मांडी द्या. हे जावळ आहे. आमच्यात जावळ मामाच्या मांडीवर काढतात. बकरीचे मामा तुम्ही."

फोदेला रेवाने जावळ समजावलं. हा बाळाचा पहिला हेअरकट, अंकलच्या लॅपवर, असं. तो एकदम गंभीर झाला. "आमच्याकडेही बाळाचं डोकं भादरतात. नाव ठेवायच्या दिवशी. आणि त्याच दिवशी जेंबे वाजतो. तुम्ही जगात दुसरीकडे कुठे ह्या दोन गोष्टी एकत्र बघितल्यात का?"

"आत्ताच बघतेय," मी म्हटलं आणि निनादच्या मांडीवर ढोल ठेवून जावळ काढलं. एकदाही कापलं नाही. रेवाने पिशवीतून माझीच बडीशेप काढून सगळ्यांना वाटली.

मग दोरी ओढायची वेळ आली. उभ्या दोऱ्यांमधून आडवी दोरी विणत जायची, आणि प्रत्येक गाठीला अंगातला सगळा जोर लावून ओढायची. फोदे ओढी, निनाद पायाने ढोल दाबून धरी. पहिली रांग झाली. कातडं टणक होत चाललं. दुसऱ्या रांगेच्या मध्यावर लाकूड करकरलं.

सगळे थांबले. मी डोळे मिटले. एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा तो "ठो" माझ्या कानात अजून शिल्लक होता, आणि मी त्याची वाट बघत होते.

फोदेने फटीवर गाल टेकवला, लहान मुलाचा ताप बघतात तसा. बोटाने वाजवून ऐकलं. "अजून चार गाठी," तो म्हणाला. "मग बस. ह्याचा आवाज थोडा खालचा राहील. म्हाताऱ्यांचा असतो तसा."

एक. दोन. तीन. चौथ्या गाठीला फोदेच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. लाकूड गप्प राहिलं. त्याने दोरी बांधली, घाम पुसला आणि ढोल माझ्यासमोर ठेवला. मी मध्यावर तळहात मारला. आवाज माझ्या छातीत शिरून पाठीतून गेला. ज्याला मी छत्र्या धरायला लावलं होतं, तो असा बोलत होता! ढोल काहीच विसरला नव्हता. सत्यनारायणाला आलेल्या मैत्रिणींना हे ऐकवायला हवं होतं.

तिकडे पुण्यात सकाळचे दहा. कॉल लावला. ह्या वेळी ह्यांचा पूर्ण चेहरा दिसत होता, समोर चहा.

"अहो, कानातलं यंत्र नीट बसलंय का?"

"बसलंय. का ओरडतेस?"

रेवाने ढोल गुडघ्यांत घेतला आणि शेतातला तो ताल धरला. फोदेने दुसऱ्या ढोलावर साथ दिली, आयसाताने टाळ्यांची. ह्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग हळूहळू टेबलावर बोटं चालायला लागली. आधी रेवाच्या मागे, मग बरोबरीने, मग मध्येच काहीतरी वेगळं, तिला न येणारं. फोदेने मान वर केली, फोनकडे बघितलं आणि आपला हात बदलून ह्यांच्या बोटांमागे गेला. दहा हजार किलोमीटरवरून टेबल वाजत होतं आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, कप सांडेल असं म्हटलं नाही.

ताल थांबला. ह्यांनी चष्मा काढून पंच्याने पुसला. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. मी फोन जवळ घेतला.

"अहो, एक सांगायचंय. ढोल बोक्याने नव्हता फाडला. मी धुतला होता. रिठ्याने. आणि उन्हात ठेवला होता. मी खोटं बोलले."

मागे रेवा "ओ माय गॉड, आजी" म्हणाली. आयसाताने तिला गप्प केलं. ह्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, चहाचा घोट घेतला. एकोणचाळीस वर्षांत हे माझ्यावर कधी ओरडले नव्हते, आणि ओरडले असते तर मी आनंदाने ऐकून घेतलं असतं. हे म्हणाले ते शब्दाला शब्द असं:

"अगं, मी आलो तेव्हा गच्चीच्या मोरीत अजून रिठ्याची सालं अडकलेली होती. बोका काय डोकं धुवायला बसला होता? उगाच त्या बिचाऱ्यावर आळ आला, म्हणून तर मी त्याला दूध घालत होतो. आता सरक जरा बाजूला, रेवाला परत वाजवू दे."